वाचकांचे प्रश्न : लाल शाई आणि मनातली पाटी

शिक्षकाने चूक कशी दाखवावी, या एकाच विषयावर गेल्या दोन महिन्यांत बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्यालाच देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात ५८ मुले आहेत. निबंधाच्या वह्या मी घरी नेते, प्रत्येक चूक लाल पेनाने दुरुस्त करते आणि शेवटी गुण देते. वही हातात पडली की मुले स्वतःचे गुण पाहतात, शेजाऱ्याचे गुण पाहतात आणि वही मिटतात. पुढच्या निबंधात पुन्हा त्याच चुका. गेल्या महिन्यात तर वर्गातील एका चांगल्या मुलीने दहा ओळींऐवजी चारच ओळी लिहिल्या. विचारले तेव्हा म्हणाली, "बाई, कमी लिहिलं की कमी चुकतं." चुका दुरुस्त करणे मी सोडून द्यावे का? (पत्रासोबत वहीच्या एका पानाचे छायाचित्र आहे.)

उत्तर : त्या मुलीचे वाक्य मी दोनदा वाचले. तिचा हिशेब चोख आहे. जिथे प्रत्येक ओळीमागे दंड बसण्याची शक्यता असते तिथे शहाणा माणूस ओळी कमी करतो, आणि तिने तेच केले. दुरुस्ती सोडू नका. मात्र ती किती असावी, पानावर कोठे असावी आणि मुलाच्या हाती कोणत्या वेळी पडावी, याचा विचार नव्याने करावा लागेल.

नवी भाषा लिहिताना मुलाच्या मनात एकाच वेळी काय काय चालू असते ते आधी पाहू. क्षणभर लक्षात धरून ज्यावर आपण काम करतो त्या स्मृतीला मानसशास्त्रात कार्यकारी स्मृती म्हणतात. मी तिला पाटी म्हणते, कारण ती पाटीसारखीच लहान असते आणि नवे लिहायचे तर जुने पुसावे लागते. या पाटीवर साधारण सात गोष्टी मावतात असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये म्हटले होते. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो आकडा चारच्या आसपास आणला. ऑस्ट्रेलियातील जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये ज्या बोधनिक भाराच्या, म्हणजे विचार करताना मनावर पडणाऱ्या भाराच्या, सिद्धांताची सुरुवात केली, तो याच अडचणीवर उभा आहे. विषयाच्या अंगभूत अवघडपणाचा भार आपल्याला टाळता येत नाही, पण शिकवण्याच्या रीतीमुळे जो भार वर चढतो तो मात्र टाळता येतो, असे त्याचे सार सांगता येईल. मराठीत निबंध लिहिताना आठवीच्या मुलाला क्रियापदाच्या रूपाचा विचारही करावा लागत नाही, ते हातातून आपोआप उतरते. इंग्रजीत शब्द, स्पेलिंग, क्रम, काळ आणि सांगायचा मजकूर हे सगळे त्याच चार घरांच्या पाटीवर बसवायचे असते.

आता आपण पाठवलेल्या पानावरील एक वाक्य घेऊ: "माय फादर गो टू फार्म अँड ब्रिंगिंग द फ्रेश व्हेजिटेबल." या ओळीवर आपण पाच लाल खुणा केल्या आहेत. 'गो'चे 'गोज' केले, 'फार्म'च्या आधी 'द' घातला, 'ब्रिंगिंग'चे 'ब्रिंग्ज' केले, पुढचा 'द' खोडला आणि 'व्हेजिटेबल'ला 'एस' जोडला. पाचही दुरुस्त्या बरोबर आहेत. पण मुलाच्या बाजूने पाहा. 'फादर गो' हे बहुधा आपल्या आदरार्थी बहुवचनातून आले आहे, कारण आपण "बाबा जातात" म्हणतो, "बाबा जातो" म्हणत नाही. 'व्हेजिटेबल' एकवचनी राहिले, कारण पिशवीत मेथी, वांगी आणि टोमॅटो असले तरी मराठीत ती सगळी मिळून "ताजी भाजी"च असते. 'फार्म'आधीचा 'द' सुटला, कारण मराठीत असा शब्दच नाही. आणि पुढे नको तिथे 'द' आला, तो मला वाटते मागच्या निबंधात "द राहिला" असा शेरा मिळाल्यामुळे आला असावा. म्हणजे या पाच खुणांची मुळे निदान चार वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. पानावर मात्र त्या पाच सारख्या लाल रेघा दिसतात आणि मुलाला त्यातून एकच गोष्ट कळते, ती म्हणजे "माझे चुकले."

या पाच गोष्टी समजून घ्यायच्या तर प्रत्येक खुणेजवळ थांबून कारण शोधावे लागेल आणि ते पुढच्या वाक्यापर्यंत लक्षात ठेवावे लागेल. एका ओळीचे हे, तर दहा ओळींचे काय होणार! पाटी तिसऱ्या खुणेलाच भरते. मग मूल दोहोंपैकी एक मार्ग धरते: दुरुस्त वाक्य जसेच्या तसे तीनदा उतरवते, ज्यात हात राबतो आणि डोके रिकामे राहते, किंवा वही मिटून टाकते. आपण ज्याला निष्काळजीपणा म्हणतो तो पुष्कळदा भरलेल्या पाटीचा परिणाम असतो.

यात भावनेचा वाटा वेगळा काढता येत नाही. इलेन हॉरविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील धास्ती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. शिक्षक माझी प्रत्येक चूक पकडायला टपलेले असतात याची भीती वाटते, अशा अर्थाचे एक विधान तिच्यात आहे. ही भीती नुसती मन खट्टू करून थांबत नाही, ती पाटीवरची जागाही अडवते. मायकेल आयसेंक आणि मॅन्युएल काल्वो यांनी १९९२ मध्ये मांडलेला मुद्दा शिक्षकांसाठी फार महत्त्वाचा आहे: धास्तावलेला माणूस पुष्कळदा उत्तर बरोबर देतो, पण त्यासाठी त्याला इतरांपेक्षा जास्त कष्ट पडतात. दोन मुलांना सारखेच सात गुण मिळतात. एकाने ते सहज मिळवलेले असतात आणि दुसऱ्याने दात-ओठ खाऊन. गुणांच्या रकान्यात हा फरक दिसत नाही. तो काही महिन्यांनी, दुसरे मूल चार ओळींवर येते तेव्हा दिसतो.

"सोडून द्यावे का" हा आपला प्रश्नही नवा नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये एका गाजलेल्या लेखात, लेखनातील व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणे निरुपयोगीच नव्हे तर अपायकारक आहे आणि ते थांबवावे, असे सरळ म्हटले. डेना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिले आणि तो वाद पुढे बरीच वर्षे रंगला. मला त्यातून उपयोगी वाटले ते जॉन बिचनर यांचे न्यूझीलंडमधील काम. त्यांनी इंग्रजी शिकणाऱ्या ७५ विद्यार्थ्यांच्या लेखनात फक्त उपपदांच्या ('अ', 'द' यांसारख्या शब्दांच्या) दोन वापरांवर दुरुस्ती दिली आणि बाकीच्या चुकांना हात लावला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, दुरुस्ती मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनातील सुधारणा दोन महिन्यांनंतरही टिकलेली आढळली. दुरुस्तीचे तोंड अरुंद केले की ती पाटीवर मावते, असा मी त्याचा अर्थ लावते.

म्हणून माझी सूचना अशी की महिन्याला एकच गोष्ट निवडा. सप्टेंबरमध्ये "बाबा जातात" आणि 'फादर गोज' हीच जोडी घ्या, फळ्यावर दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहून फरक मुलांकडूनच काढून घ्या, आणि वह्यांत फक्त तीच चूक दाखवा. दाखवतानाही उत्तर लिहू नका. ओळीच्या समोर, समासात, एक बारीक खूण करा. खुणांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आणि खुणा आतल्या पानावर असे ठेवू नका, कारण पाने उलटण्यातच मुलाचे लक्ष तुटते. वही परत दिल्यावर वर्गातच दहा मिनिटे द्या आणि खूण केलेल्या ओळी मुलांना स्वतः नीट करू द्या. या दहा मिनिटांवाचून बाकीचे सगळे वाया जाते. आपला वेळही वाचेल: एका वहीला चार मिनिटे धरली तर ५८ वह्यांना जवळजवळ चार तास लागतात, आणि एकच चूक शोधायची असेल तर दीड तासाच्या आत काम होते.

गुणांविषयी. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त लेखी शेरा दिला आणि काहींना दोन्ही दिले. फक्त शेरा मिळालेल्या मुलांची गोडी आणि काम दोन्ही पुढे गेले. गुण आणि शेरा एकत्र मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. तेव्हा सरावाच्या निबंधांना गुण देऊ नका, परीक्षेतल्या निबंधांना द्या. आपल्याकडे २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदींची सोय आहेच. ती कल्पना उत्तम होती. पुढे बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि "अक्षर सुधारावे", "वाचन वाढवावे" अशा, कोणत्याही मुलाला लागू पडणाऱ्या नोंदी वहीत उतरू लागल्या, हा भाग वेगळा.

वह्यांच्या तपासणीला येणारे अधिकारी "चुका तशाच राहिल्या आहेत" म्हणतील ही भीती खरी आहे, ती मी स्वतः अनुभवली आहे. त्यावर साधा उपाय असा की वहीच्या पहिल्या पानावर, मुलाच्याच अक्षरात, "या महिन्यात आम्ही अमुक गोष्ट तपासत आहोत" असे लिहवून घ्यावे आणि मुख्याध्यापकांना ते आधी सांगून ठेवावे. शक्य झाले तर निबंधाखाली मुलांना एक आकडाही लिहायला सांगा: हे लिहिताना किती डोके लागले, एक ते नऊपैकी. फ्रेड पास यांनी १९९२ मध्ये मानसिक कष्ट मोजायला अशीच नऊ पायऱ्यांची पट्टी वापरली होती. चांगले गुण मिळवणारे मूल प्रत्येक वेळी आठ किंवा नऊ लिहीत असेल तर त्याच्याशी बोला.

आणि त्या मुलीला पुढच्या निबंधाखाली आधी मजकुराविषयी काहीतरी विचारा. तिचे बाबा कोणती भाजी आणतात, बाजार कोणत्या वारी भरतो. आपले लिहिणे कोणीतरी वाचले आहे, नुसते तपासलेले नाही, हे तिला कळले की ओळी हळूहळू वाढतील. पहिल्या वाढलेल्या ओळीतली चूक मात्र कृपा करून दाखवू नका.

प्रश्न : मी मूळचा केरळचा. बँकेची बदली झाली म्हणून दोन वर्षांपासून नाशिकला राहतो आणि आठवड्यातून दोन दिवस मराठीच्या वर्गाला जातो. वर्गात बाई माझे प्रत्येक वाक्य मध्येच थांबवून बरोबर करतात. थांबवले की पुढे काय सांगायचे होते ते मी विसरतो. बँकेत मराठीत बोललो तर ग्राहक हसत नाहीत, पण लगेच हिंदीत बोलायला लागतात. त्यामुळे माझा भीती वाढला आहे. माझ्या चुका कोणी सांगूच नये असे म्हणावे का?

उत्तर : आपले पत्र मराठीतच आले, आणि त्यातली एक चूक आपल्या परवानगीने आम्ही तशीच ठेवली आहे. "माझा भीती वाढला आहे" हे वाक्य वाचताना एकाही वाचकाचा अर्थाचा गोंधळ होणार नाही. भीती स्त्रीलिंगी, म्हणून "माझी भीती वाढली आहे." मल्याळममध्ये निर्जीव वस्तूंना असे लिंग नसते आणि क्रियापदही लिंगानुसार बदलत नाही. मराठीत मात्र 'भीती' या एका शब्दाने मागचा 'माझा' आणि पुढचा 'वाढला' दोन्ही बदलायला लावले. "मी आंबा खाल्ला" आणि "मी पोळी खाल्ली" यात खाणारा तोच असूनही क्रियापद खाल्लेल्या वस्तूच्या मागे जाते, हे तर आमच्या कानांनाही कधी जाणवत नाही, इतके ते अंगवळणी पडलेले आहे. तुम्हाला ते बोलता बोलता, वाक्य संपायच्या आत, जमवायचे असते. अशा वेळी कोणी मध्येच थांबवले तर पाटीवरचे पुढचे वाक्य पुसले जाणारच. विसरणे हा तुमच्या स्मरणशक्तीचा दोष नाही.

तरीही चुका कोणी सांगू नयेत असे मी म्हणणार नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचे तास ध्वनिमुद्रित करून शिक्षक चुका कशा दाखवतात ते तपासले, आणि तो अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांची सर्वांत आवडती पद्धत, निम्म्याहून अधिक वेळा वापरलेली, अशी होती की मुलाचे वाक्य आपणच बरोबर करून म्हणायचे आणि पुढे जायचे. तुम्ही "माझा भीती वाढला" म्हणालात की बाई म्हणतील, "हो का, तुमची भीती वाढली?" ऐकायला हे सौम्य आहे, पण शिकणाऱ्याला पुष्कळदा वाटते की बाईंनी आपल्या म्हणण्याला दुजोरा दिला. त्या अभ्यासात अशा दुरुस्तीनंतर विद्यार्थ्यांनी काही प्रतिसाद दिला तो सुमारे ३१ टक्के वेळा. याउलट शिक्षकांनी "भीती... तो की ती?" अशा धाटणीने उत्तर विद्यार्थ्याकडूनच काढून घेतले तेव्हा विद्यार्थी दर वेळी काही ना काही बोलले. बोलले म्हणजे शिकलेच असे नाही, हे लक्षात ठेवावे. पण निदान दुरुस्ती कानावरून घसरून गेली नाही.

दुसरी पद्धत जास्त उपयोगी आणि जास्त कष्टाचीही आहे. सगळ्यांसमोर "तो की ती?" विचारून एखाद्याला ताटकळत ठेवले तर तीच पद्धत शिक्षा होते. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांचे निरीक्षण केले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत असल्याचे त्यांना दिसले. ही वाट पाहणे तीन सेकंदांपर्यंत नेले की मुलांची उत्तरे लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. परक्या भाषेत तर तीन सेकंदही थोडेच. तुमच्या बाईंशी वर्गाबाहेर बोलून एवढे ठरवून घ्या की तुमचे बोलणे त्या पूर्ण होऊ देतील, ऐकताना कागदावर टिपतील, आणि शेवटी फक्त दोन चुका तुमच्यापुढे ठेवून त्या तुमच्याकडूनच दुरुस्त करून घेतील. बहुतेक शिक्षक मध्येच थांबवतात ते मदत करावी म्हणून. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते की त्या मदतीने वाक्य तुटते.

बँकेतल्या काउंटरवर जे घडते त्याबद्दल मला तुमच्यापेक्षा आमच्या मराठी वाचकांना काही सांगायचे आहे. समोरच्याचा उच्चार थोडा वेगळा लागला की आपण सौजन्य म्हणून हिंदीवर येतो. शिकणाऱ्याच्या कानाला मात्र तो शेराच असतो, आणि "तुमची मराठी चालत नाही" असा त्याचा अर्थ होतो. तोंडाने चूक दाखवली असती तर निदान कोणती चूक ते कळले असते; भाषाच बदलल्यावर तेही कळत नाही. तुम्ही हसून "मराठीतच बोला, मी शिकतोय" एवढे म्हणा. नाशिकचा माणूस यावर खूश होऊन उलट इतक्या वेगाने मराठी सुरू करेल की त्याला "जरा सावकाश" हेही म्हणावे लागेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी पत्नी गुजराती असल्याने आठ वर्षांची मुलगी मराठी शिकली ती माझ्याकडूनच. मागच्या दिवाळीत पुण्याच्या व्हिडिओ कॉलवर ती "आजी, मी आलो!" म्हणाली आणि तिकडे आजी, आत्या, सगळे खूप हसले. प्रेमानेच हसले, पण तेव्हापासून ती त्यांच्याशी इंग्रजीतच बोलते. मी तिच्या प्रत्येक मराठी वाक्याला "किती हुशार गं माझी बाळ!" म्हणतो, तरी उपयोग होत नाही.

उत्तर : तुमच्या मुलीने मराठी अगदी काटेकोरपणे शिकली आहे, एवढे आधी आजीला सांगा. घरात मराठी बोलणारा माणूस एकच, आणि तो "मी आलो", "मी जातो" म्हणतो. तिने तेच उचलले. स्वतःविषयी बोलताना बाई वेगळे रूप वापरते हे तिने कोणाच्या तोंडून ऐकायचे? कोल्हापूरकडच्या पुष्कळ बायका "मी आलो", "मी जातो" असेच म्हणतात आणि तिकडे कोणी हसत नाही, हेही पुण्याच्या मंडळींच्या कानावर घालायला हरकत नाही.

हसणे प्रेमाचे होते हे मोठ्यांना माहीत असते. आठ वर्षांच्या मुलीला एवढेच कळते की मी तोंड उघडले आणि सगळे हसले. कशाला हसले ते तिला कोणी सांगितले नाही. यावर औषध म्हणून तुम्ही देत असलेले "हुशार" हे कौतुक, मला भीती वाटते, काम करणार नाही. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या काही मुलांना चांगल्या कामाबद्दल "तू हुशार आहेस" आणि काहींना "तू मेहनत घेतलीस" असे सांगितले. नंतर मुद्दाम अवघड काम दिल्यावर "हुशार" म्हटलेल्या मुलांची गोडी जास्त उतरली आणि त्यापुढचे कामही खालावले. हुशार ठरलेल्या मुलाला चुकणे परवडत नाही, असा त्याचा साधा अर्थ आहे. अव्रॅहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये वेगवेगळ्या क्षेत्रांतील अभ्यासांचे ६०७ निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी केलेल्या कामावर अभिप्राय दिल्याने ते सुधारण्याऐवजी बिघडल्याचे आढळले. लक्ष कामावरून उठून "मी कसा आहे" याकडे गेले की असे होते, हे त्यांचे स्पष्टीकरण. निंदा तसे करतेच, पण स्तुतीही करू शकते.

म्हणून कौतुक करायचे ते त्या शब्दाचे करा. "तू 'शेजारच्या काकूंकडे' म्हणालीस, ते 'कडे' किती बरोबर लागलं!" असे म्हटले की तिला स्वतःविषयी नव्हे, भाषेविषयी काही कळते. आणि "मी आले"साठी तिला दुरुस्त करूच नका. आजीला कामाला लावा. आजीने फोनवर आपला दिवस सांगावा: मी सकाळी उठले, मी मंडईत गेले, मी कैऱ्या आणल्या. (मंडईत गेले, पण कैऱ्या आणल्या, हा घोळ तिला इतक्यात समजावू नका.) दहा-बारा फोनमध्ये "मी आले" तिच्या तोंडी येईल. आत्यानेही एकदा इंग्रजीत दोन वाक्ये बोलून भाचीकडून दुरुस्त करून घ्यावीत. हशा झालाच तर तो दोन्हीकडे वाटला जाईल.

प्रश्न : मी नांदेडला वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलाखतींसाठी इंग्रजी सुधारत आहे. सरांसमोर चुकलो तर लाज वाटते. मोबाइलमधले ॲप चुका सांगते तेव्हा काहीच वाटत नाही. मग फक्त ॲपवरच शिकले तर चालेल का?

उत्तर : लाज वाटत नाही हा मोठा फायदा आहे, तो घ्या. पण ॲपला तुमचा परिच्छेद दिला की ते बहुतेक वेळा सगळाच नवा लिहून देते. तो वाचायला सुंदर असतो आणि तुम्ही त्यात काही केलेले नसते. डोक्याला पडायला हवे होते ते कष्ट यंत्राने घेतले. त्याला सांगा की फक्त काळाच्या चुका दाखव, त्याही ओळ सांगून, दुरुस्ती न करता. दुरुस्ती तुम्ही करा आणि मग पडताळून पाहा. शिवाय मुलाखत घ्यायला समोर माणूसच बसणार आहे, आणि त्याच्यासमोर अडखळून पुन्हा सुरू करण्याचा सराव मोबाइलवर होत नाही. आठवड्यातून एकदा सरांकडे जा. जाण्याआधी त्यांना सांगा की आज पाच मिनिटे मला अडवू नका.

प्रश्न : लाल शाईमुळे मुले घाबरतात म्हणून आमच्या शाळेने वह्या हिरव्या शाईने तपासायचे ठरवले आहे. याचा उपयोग होतो का? (एक मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : मी ज्या अध्यापक विद्यालयात शिकवत होते तिथे हा प्रयोग आम्ही केला होता. तीन आठवड्यांनी सरावाच्या शाळेतली एक मुलगी दुसरीला म्हणाली, "माझं पान सगळं हिरवं झालंय गं." शाई कोणतीही चालेल. शिक्षकांना एका पानावर जास्तीत जास्त किती खुणा करता येतील, तो आकडा मात्र शिक्षकसभेत ठरवून घ्या; आमच्याकडे शेवटी तीन ठरला होता.